अठ्ठावीस अंश

बुधवार, १ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर पंख वाळत पडलाय. साडेचार फुटी. नव्या वर्षाचं पहिलं जेवण मी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले, आमटीला गोंदाचा आणि रंगाचा वास. दाजी पंखावर फुंकर घालत होता. एवढी माया त्याने माझ्या सोलकढीला कधी दाखवली नाही.

हे चौथं विमान. पहिलं माडावर अडकलं. दुसरं दगडी गडग्यावर आपटलं. तिसरं कुणाच्या तरी काजूत शिरलं, ते पिशवीतून घरी आलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा दाजी, माझा थोरला भाऊ, पस्तीस वर्षं बोटीवर इंजिनं सांभाळली, आणि आता हातात रिमोट घेऊन खेळण्यातली विमानं उडवतो. खेळण्यातली म्हटलं की चिडतो. म्हणून म्हणते.

दिवाळीत त्याच्या लेकीने, समीक्षाने, ठाण्याहून फोनवर अट घातली. 'बाबा, हे शेवटचं. हे पडलं की तुम्ही इकडे राहायला यायचं. कायमचं.' दाजी म्हणाला, 'बरां. ह्या पडला की येतंय.' फोन स्पीकरवर होता, मी साक्षीदार. समीक्षा मलाही म्हणाली, सुगंधाआत्या, तू पण ये. मी सांगितलं, चौदाव्या मजल्यावर मला चक्कर येते, आणि घर असं टाकून जायला मी काही पाहुणी नाही.

तर विमान पडलं की दाजी ठाण्याला आणि टेबल माझं. शाळेत नन्सनी शिकवलंय, देवाकडे मोठं काही मागू नये. मी फक्त जरा वेडावाकडा वारा मागितला.

शुक्रवार, ३ जानेवारी

पंख वाळला. टेबलावर आता शेपटी.

रविवार, ५ जानेवारी

चौथ्याचं पहिलं उड्डाण. बघायला सड्यावर गेले. (बघायला म्हणजे पडताना बघायला. वहीशी खोटं कशाला बोला.)

वर सगळा काळा कातळ, जानेवारीत गवत वाळून पिवळं झालेलं. सपाट जागा किती, तर साठ पावलं. एका टोकाला गडगा, दुसऱ्या टोकाला काजूची झाडं. छत्रीखाली चार-पाच निवृत्त पुरुष खुर्च्या टाकून बसलेले, आणि त्यांचा स्वयंघोषित अध्यक्ष दत्तप्रसाद. हा तोंडवलीला पर्यटकांना खोल्या देतो. मला बघून म्हणाला, 'काकू, चहा आणलात?'

काकू. मी मोजणी खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढले. याच्या बापाच्या जमिनीची हद्द मी कागदावर ओढली आहे. ती वाकडी आहे असं हा अजून सांगत फिरतो. चहा दिला. साखर घातली नव्हती.

मग तो मला विमान समजावायला बसला. 'सोप्पं करून सांगतो हां काकू. पंखाच्या मागच्या कडेला या पट्ट्या. एक वर, एक खाली झाली की विमान कलतं. दोन्ही एकदम खाली केल्या की विमान हळू होतं, कमी जागेत उतरतं. एकाच पट्टीची दोन कामं. याला फ्लॅपरॉन म्हणतात.'

'म्हणजे सुनेसारखं,' मी म्हटलं. 'दोन कामं एकीकडून, आणि काही बिघडलं की चूकही तिचीच.'

तो हसला नाही. दाजी हसला.

दाजीने विमान छान उडवलं, मान्य करायला हवं. उतरवताना मात्र पट्ट्यांचं बटण दाबलंच नाही. विमान सुसाट आलं, कातळावरून घसरत गेलं आणि गडग्याच्या हातभर अलीकडे करवंदीच्या जाळीत जाऊन बसलं. ओरखडासुद्धा नाही.

दत्तप्रसाद म्हणाला, 'दाजीनु, फ्लॅपरॉन लावलेले आसत मा? मगे वापरूक कित्याक नाय?'

'ते सव्वीस तारखेक,' दाजी म्हणाला. 'समीक्षा येतली तेव्हा.'

सव्वीस जानेवारीला यांची स्पर्धा आहे. कातळावर फक्कीने वर्तुळ आखायचं, ज्याचं विमान मधल्या ठिपक्याच्या सगळ्यांत जवळ टेकेल तो जिंकला. बक्षीस सावंतवाडीची लाकडी फळं. एका केळ्यासाठी एवढी धडपड.

घरी येऊन दाजीने नेहमीप्रमाणे आपल्या वहीत नोंद केली. बोटीवरच्या लॉगबुकसारखी वही आहे, तारीख, वारा, किती मिनिटं. ती तो कुणाला दाखवत नाही. कोण मागतंय.

सोमवार, ६ जानेवारी

आज मला कळलं की विमान पडणार आहे. नक्की पडणार आहे.

झालं असं. दाजी टेबलाशी बसून बटण दाबून पट्ट्या खाली करून बघत होता, आणि तशाच सोडून आंघोळीला गेला. शेजारी विमानाबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक. मी वाचलं. माणसाने छापलेलं वाचावं, एवढं तरी शाळेने शिकवलं.

पंख वाऱ्याला जितका तिरका धरावा तितका तो वर उचलला जातो. पण एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि पंख नुसती फळी होऊन खाली येतो. याला स्टॉल म्हणतात. या पट्ट्या पंखाच्या टोकापर्यंत गेलेल्या असतात, म्हणून त्या फार खाली केल्या आणि विमान हळू झालं की टोकंच आधी सुटतात. एक बाजू पडते. उडवणारा घाबरून ती उचलायला जातो, त्याने त्याच बाजूची पट्टी आणखी खाली जाते, आणि पडणारी बाजू आणखी जोरात पडते.

खात्री करायला सूप घेऊन पडवीत उभी राहिले. समुद्राकडून बरा वारा होता. सूप आडवं धरलं, पुढची कड हळूहळू उचलत गेले. हाताला उचल लागली, अगदी हलकं वाटलं. अजून उचललं. एकदम फडफडलं आणि मनगट पिरगाळून खाली गेलं.

तुळसा भांडी घासता घासता बघत होती. म्हणाली, 'बाय, तांदूळ खंय? वारोच पाखडतास?'

मग माझा जुना कोनमापक आणला आणि पट्ट्या मोजल्या. अठ्ठावीस अंश. पत्रकात लिहिलंय, दहाच्या वर जाऊ नका. त्या ओळीखाली दाजीने स्वतः लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत! हे बोटीवरचे साहेब. खुणा करायच्या आणि पान उलटायचं.

मी त्याला काही सांगितलं नाही. मला कोणी विचारलंय? मी चहाची काकू.

गुरुवार, ९ जानेवारी

कपाटातून टेबलक्लॉथ काढला. आईच्या हातचा, क्रोशाचा. सहा वर्षांत एकदा अंथरलेला नाही. तुळसाला उन्हात घालायला दिला.

'कोण येतासा?'

'कोणी येत नाही. दाजी जाणार आहे. सव्वीस तारखेनंतर.'

ती टेबलक्लॉथ झटकत राहिली. मग म्हणाली, 'मगे तुमी भांडतलास कोणाबरोबर?'

मी तिला म्हटलं, तू आहेस की. ती म्हणाली, 'माका येळ नाय, बाय. माका तीन घरां आसत.'

शनिवार, ११ जानेवारी

दाजी ठाण्याला गेला. नात तन्वीचा वाढदिवस. नऊ वर्षांची झाली. चार-पाच दिवसांनी येईल. विमान माळ्यावर ठेवून गेला आणि जाताना मला बजावलं, 'हात लावू नको.' जशी मी रोज लावते.

टेबल पुसलं. क्लॉथ अंथरला. पेडवे माशांची आमटी, भात, कापं. काटकोनात बसून जेवले. स्वर्ग.

रविवार, १२ जानेवारी

आमटी उरली. दोघांच्या अंदाजाने होते, हाताची सवय.

सोमवार, १३ जानेवारी

रेडिओ कोणी मोठा लावला नाही. ओला टॉवेल खुर्चीवर टाकला नाही. संध्याकाळी दारात मांजर आलं, त्याला चांगलं झापलं. मांजर आपलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरात भांडायला माणूस नाही आणि सण गोड बोलण्याचा. तिळाचे लाडू कडक झाले. दाजी असता तर म्हणाला असता, ह्ये बोटीक बॉल-बेअरिंग म्हणान लावूक बरे. दर वर्षी तेच म्हणतो. सहा वर्षं.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त होऊन रत्नागिरीहून आले, तेव्हा हा स्टँडवर उभा. माझी ट्रंक उचलली आणि म्हणाला, 'बाय, आता खंय जाव नको. मी पण जातलंय नाय खंय.' मी म्हटलं होतं, ट्रंक नीट धर, आत काचेचं आहे.

आज हे का आठवलं कोण जाणे. लाडू जास्त खाल्ले असणार.

गुरुवार, १६ जानेवारी

आला. आल्या आल्या ओला टॉवेल खुर्चीवर. मी ओरडले. बरं वाटलं.

तन्वीने काढलेलं चित्र आणलंय. विमान, त्याच्या खिडकीत आजोबा, खाली इमारत. त्याने ते टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवलं. जेवताना ठाण्याचंच बोलत होता. बाल्कनीतून खाडी दिसते. तन्वीला गणित शिकवलं, तिला म्हणे शाळेतल्या बाईपेक्षा आजोबांचं कळतं. मी म्हटलं, तुला पाच मिनिटं तरी करमलं का तिकडे? तर भात कालवत म्हणाला, 'करमला... म्हणजे आपला, बरां आसा.' बिचारा. सव्वीसनंतर तिथे कायमचं राहायचं या धास्तीने तोंडाला चव नव्हती.

न राहवून विचारलं. 'दाजी, त्या पट्ट्या अठ्ठावीस अंश खाली येतात. जास्त नाही का?'

मान वर न करता म्हणाला, 'तुका काय कळता त्यातला? पस्तीस वर्षां इंजिनां चालवलंय मी.'

बोटीचं इंजिन स्टॉल होऊन समुद्रात नाक खुपसतं का? पण नाही बोलले. हट्टी माणूस. पडू दे.

शनिवार, १८ जानेवारी

पडू दिलं नाही.

हे मी दाजीसाठी केलेलं नाही. चुकीचा कोन मला बघवत नाही. छत्तीस वर्षांची नोकरी आहे, ती अशी सुटत नाही.

तो दत्तप्रसादबरोबर फक्की आणायला बाजारात गेला. मी तुळसाला हाक मारली. विमानाचा पुढचा पंखा आधी काढून बाजूला ठेवला, पत्रकात तसं लिहिलंय. तुळसाला शेपटी धरायला लावली.

'बाय, ह्या चावणा नाय मा?'

'चावत नाही. घट्ट धर.'

रिमोटवर अठरा बटणं आणि बोटभर पडदा. योग्य पानावर पोहोचायला वीस मिनिटं गेली. पहिल्या खेपेला आकडा उलटा गेला आणि दोन्ही पट्ट्या ताडकन वर उभ्या राहिल्या. तुळसा म्हणाली, 'सलाम ठोकल्यान.' एवढी हसली की शेपटी सोडली. मी पण हसले. मग पुन्हा.

अठ्ठावीस. बावीस. सोळा. दहा. कोनमापक लावून दोनदा मोजलं. मोजलेल्या जागी पंखाच्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण केली, मोजणीची सवय, मोजलं की खूण. सगळं होतं तसं ठेवलं.

जाताना तुळसा म्हणाली, 'पण तुमका टेबल होया होता ना?'

'टेबल कुठे पळून जातंय.'

ती गालातल्या गालात हसत गेली. तिचे दोन दिवस कापायला हवेत. कापणार नाही.

रविवार, १९ जानेवारी

वारा फार. कोणी उडवलं नाही. दाजी रिमोटच्या पडद्याकडे बघतच नाही, चष्मा लावायचा आळस. उत्तम.

शनिवार, २५ जानेवारी

समीक्षा आणि तन्वी आल्या. समीक्षाने ठाण्याच्या खोलीचे फोटो दाखवले. दाजीसाठी केलेली खोली, खिडकीशी टेबल. पडदे निळे. 'आत्या, बाबांना आवडतील ना?' मी म्हटलं, निळा त्याला चालतो. मनात म्हटलं, बाळा, ते पडदे तन्वीला लाव.

थोडं वाईट वाटलं. थोडंच.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून सगळे सड्यावर. आज चहात साखर घातली.

दत्तप्रसाद पहिला. त्याचं विमान वर्तुळावरून तरंगत तरंगत गेलं ते थेट काजूत. 'वारो बदललो,' म्हणाला. वारा जिथे होता तिथेच होता. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, सोप्पं करून सांगू का?

मग दाजी. दोन फेऱ्या मारून विमान काजूच्या बाजूने आत आणलं. बटण दाबलं. पट्ट्या खाली आल्या, विमान हळू झालं. आणि दाजीचा अंगठा रिमोटवरची काठी मागे ओढत राहिला. मागे, अजून मागे. इतकं कोणी ओढतं का? नाक वर, विमान जवळजवळ थांबलेलं, डावी बाजू एकदा थरथरली. मला सूप आठवलं, मनगट दुखायला लागलं.

पण हवा सुटली नाही. दहा अंशांनी धरून ठेवलं. डावी बाजू सावरली आणि विमान आंघोळ घातलेल्या बाळासारखं अलगद टेकलं. ठिपक्यापासून दीड वीत.

टाळ्या. दत्तप्रसादनेसुद्धा वाजवल्या. दाजी मात्र हलला नाही. विमानाकडे बघत राहिला, मग हातातल्या रिमोटकडे, मग खिशातून चष्मा काढला आणि पुन्हा रिमोटकडे. मला वाटलं आनंदाने सुन्न झालाय.

तन्वीने त्याचा शर्ट ओढला. 'आजोबा, म्हणजे तुम्ही आता येणार नाही?'

'पडूक होया होता ना गो,' तो म्हणाला. सगळे हसले. समीक्षा पण हसली, पण लगेच दुसरीकडे वळली.

लाकडी फळं टेबलावर ठेवली आहेत. केळ्याचा रंग चांगलाय. मी जिंकले, कुणाला सांगता येत नाही, हे मोठं दुःख.

सोमवार, २७ जानेवारी

समीक्षा-तन्वी सकाळी गेल्या. दाजी फाटकाशी उभा राहिला, गाडी वळणावरून गेली तरी. मग येऊन टेबलाशी बसला. काही चिकटवत नव्हता, तासत नव्हता. नुसता बसला. मी म्हटलं, जिंकलास, आता तोंड तरी हसरं कर. म्हणाला, 'हसतंय मा?'

टॉवेल दोरीवर वाळत घातला. न सांगता. मला ते बिलकूल आवडलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

माहितीपत्रक परत त्याच्या खणात ठेवायला गेले. खणात त्याची वही होती. दाजी टाकीवर नळ दुरुस्त करत होता. वाचू नये हे मला माहीत आहे. नन्सनी हेही शिकवलं होतं. वाचली.

'५ जाने. ९ मिनिटां. फ्लॅपरॉन २८ वर लावलंय. इतक्यार टोक सुटताच. २६ क समीक्षासमोर वापरतलंय. पडला की झाला, सुगंधाक माका तोंडान सांगूचा नको.'

'१५ जाने. तन्वी रडली. आजोबा हंयच रवा म्हणता. माका पण रवाचा आसा. पण बायक स्टँडार शबूद दिलंय. कसा सांगू?'

'२६ जाने. पडला नाय. २८ चे १० झालेले. पंखाच्या कडेक पेन्सिलीची खूण, मोजणी खाता. म्हणजे तिका मी हंय होयो आसंय. बरां. रवतंय.'

वही होती तशी ठेवली. लाल रेघा वाचूनच मारल्या होत्या त्याने. मी त्या विमानाला वाचवलं, आणि त्याने ती खूण बघून निळ्या पडद्यांची खोली सोडली. एका शब्दाने विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं होतं.

आमटीत मीठ दोनदा पडलं. दाजीने तीच पुन्हा वाढून घेतली.

शनिवार, १ फेब्रुवारी

दाजी केस कापायला बाजारात गेला. तुळसाने शेपटी धरली, आज हसली नाही. दहा. सोळा. बावीस. कोनमापक लावून दोनदा मोजलं. अठ्ठावीस. उद्या रविवार, वारा बेताचा आहे, चहा मी नेणार. पेन्सिलीची खूण या वेळी ठळक केली, चष्मा न लावता दिसेल अशी.